उमरग्याच्या टेबलावरचा छोटा मदरबोर्ड

उमरग्यात कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आजही पुष्कळ जण दुकानदाराकडून असेंबल करून घेतात. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. माल कधी सोलापुरातून येतो, कधी पुण्यातून, तर कधी सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून. प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी केवढी, हे गिऱ्हाईक स्वतः सांगतं. मदरबोर्डाची पाळी आली की मात्र दुकानदार विचारतो, "आसुसचा देऊ का गिगाबाइटचा?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "चांगला असेल तो द्या." चांगला म्हणजे कोणता, हे कंपनीच्या नावावरून फारसं कळत नाही. ते बोर्ड हातात घेऊन चार-पाच जागा बघितल्या की कळतं. कोणत्या जागा बघायच्या, हे तो कोणत्या गावात चालणार आहे त्यावर ठरतं.

आधी मापाचं बोलू. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्स हे माप ठरवलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. १९९७ च्या अखेरीस त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स आला, २४४ मिलिमीटर चौरस. तैवानच्या व्हिया कंपनीनं २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स आणलं, ते अवघं १७० मिलिमीटर चौरस. पुढे मिनी-एसटीएक्स आलं, १४७ बाय १४०. अॅसरॉकच्या डेस्कमिनी पेट्यांत तो बोर्ड असतो. या मापांचा मोठा फायदा असा, की स्क्रूची भोकं आणि मागच्या पोर्टची जागा सगळ्या कंपन्यांनी सारखी ठेवली. त्यामुळे आज बसवलेला एका कंपनीचा बोर्ड पाच वर्षांनी काढून तिथे दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो. कॅबिनेट तेच राहतं.

मिनी-आयटीएक्स दिसायला देखणा असतो, पण उमरग्यासारख्या ठिकाणी तो क्वचितच विकला जातो. तेच सगळे भाग निम्म्या जागेत बसवायचे म्हणजे बोर्डाच्या आत तांब्याचे थर वाढतात, आखणी किचकट होते आणि किंमत चढते. वर जादा कार्डासाठी खाच एकच. जागेची फारशी अडचण नसलेल्या गावात त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. इथे चलती मायक्रो-एटीएक्सचीच आहे आणि पुढची सगळी तुलना मुख्यतः त्याचीच.

खोक्यावर मायक्रो-एटीएक्स लिहिलं, म्हणजे बोर्ड २४४ मिलिमीटर चौरस असेलच असं नाही. ती कमाल मर्यादा आहे. स्वस्तातले बहुतेक बोर्ड रुंदीला १७ ते २० सेंटिमीटरच असतात. असा बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवून उजवीकडून बघावा. पूर्ण मापाच्या बोर्डाला त्या कडेलाही स्क्रू असतात. अरुंद बोर्डाची ती कड खाली कशाचाही आधार नसताना तरंगत राहते. रॅमच्या खाचा आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, २४ पिनांचा जाडा कनेक्टर नेमका त्याच कडेला. रॅम दाबून बसवताना बोर्ड धनुष्यासारखा वाकताना दिसतो. जाणता कारागीर अशा वेळी बोर्ड बाहेर काढून, खाली त्याच्याच खोक्यातला फोम ठेवून रॅम आणि पंखा बसवतो आणि मगच बोर्ड कॅबिनेटमध्ये नेतो. घाईत बसवलेल्या बोर्डाची आतली रेघ तडकली, तर दोष बाहेरून दिसत नाही. डिस्प्ले कधी येतो, कधी येत नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

आता एकाच चिपवरचे चार बोर्ड शेजारी मांडू. इंटेलची एच६१० ही चिप २०२२ च्या जानेवारीत आली. तिच्यावर आसुसचा प्राइम एच६१०एम-के, गिगाबाइटचा एच६१०एम एच, एमएसआयचा प्रो एच६१०एम-ई आणि अॅसरॉकचा एच६१०एम-एचव्हीएस असे बोर्ड निघाले. चौघांतही रॅमच्या खाचा दोनच, साटा जोडण्या जास्तीत जास्त चार, आणि प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवण्याची सोय नाही. या मर्यादा इंटेलनं चिपमध्येच घातलेल्या आहेत. कंपनी कितीही मोठी असो, तिला त्या ओलांडता येत नाहीत. म्हणून कामाचा वेग मोजायला गेलं, तर साध्या प्रोसेसरवर हे चारही बोर्ड जवळपास सारखेच निघतात. फरक असतो तो कोणी कुठे पैसे वाचवले याचा.

पैसे वाचवायची पहिली जागा म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचा वीजपुरवठ्याचा भाग. एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर जोरात चालला की ११७ वॉटपर्यंत वीज खेचतो. इतक्या कमी व्होल्टेजला एवढी शक्ती द्यायची, म्हणजे प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात जातो, घराच्या मुख्य एमसीबीतून जातो त्याच्या कितीतरी पट. हे काम सॉकेटशेजारच्या करड्या चौकोनी कॉइल आणि त्यांच्या मागचे चपटे काळे मॉसफेट वाटून घेतात. कॉइल जितक्या जास्त, तितका भार विभागलेला. स्वस्त बोर्डांत या मॉसफेटवर अॅल्युमिनियमचा हीटसिंक बहुधा नसतो. आय३ वर ते चालून जातं. पण खोक्यावर आय९ चालतो असं लिहिलंय म्हणून त्या बोर्डावर खरोखर आय९ बसवला, तर मॉसफेट तापतात आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. महाग प्रोसेसरचे पैसे अशा वेळी वाया जातात. एकाच कंपनीचा साधा बोर्ड आणि त्याच कंपनीचा हजार-दीड हजारानं महाग बोर्ड यांतला फरक, दोन कंपन्यांच्या साध्या बोर्डांतल्या फरकापेक्षा मोठा असतो, तो याच जागी.

या भागाशी उन्हाळ्याचा थेट संबंध आहे. मे महिन्यात उमरग्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुकानात एसी नसतो, रस्त्याची धूळ पंख्यात बसते आणि कॅबिनेटच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. इथे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून स्थिर ठेवणारा छोटा डबा, महत्त्वाचा ठरतो. जुन्या, आत द्रव असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास असं आयुष्य दिलेलं असतं. तापमान दर १० अंशांनी उतरलं की ते साधारण दुप्पट होतं. म्हणजे ८५ अंशांना ८००० तास. गावातलं एखादं ऑनलाइन सेवा केंद्र रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस चाललं, तर हे तास सव्वादोन वर्षांत संपतात. घन पॉलिमर कॅपॅसिटरचा हिशेब वेगळा आहे. १०५ अंशांना ५००० तास असतील, तर २० अंश उतरल्यावर ते दहापट होतात. ८५ अंशांना ५०,००० तास, म्हणजे त्याच केंद्रात तेरा-चौदा वर्षं. वरून सपाट आणि धातूचा दिसणारा छोटा डबा, डोक्यावर फुलीची खाच नाही, तो पॉलिमर. गिगाबाइटनं 'अल्ट्रा ड्युरेबल' या नावाखाली याची मोठी जाहिरात केली. आता चारही मोठ्या कंपन्या प्रोसेसरभोवती घन कॅपॅसिटरच वापरतात. अगदी स्वस्त, नाव नसलेल्या बोर्डावर मात्र हे डोळ्यांनी तपासून घ्यावं.

ही भीती काल्पनिक नाही. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर सदोष कॅपॅसिटरची साथ आली होती. मदरबोर्डावरचे डबे फुगायचे, वरून फुटायचे आणि तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या ऑफिसातल्या मशीनमध्ये हा दोष इतका पसरला, की कंपनीला २००५ मध्ये दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतल्या अनेक कारागिरांचा हात सोल्डरिंगवर याच काळात बसला. ६.३ व्होल्टचे फुगलेले डबे काढायचे, १० व्होल्टचे नवे लावायचे, आणि डेड बोर्ड पुन्हा चालू. चिप लेव्हल रिपेअरिंग म्हणून आज जे दुकानाबाहेर लिहिलेलं असतं, त्यातलं पुष्कळसं शिक्षण असं हातानं झालेलं आहे आणि त्याची किंमत अजून पुरेशी ओळखली गेलेली नाही.

दुसरी जागा मागच्या पोर्टची. आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवणाऱ्याच्या टेबलावर काय काय असतं ते मोजावं. कीबोर्ड, माऊस, बोटांच्या ठशांचं मशीन, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, वायफायचा डोंगल. जुलैत पीक विम्याची गर्दी सुरू झाली की यांतलं एकही काढून ठेवता येत नाही. मागे यूएसबी चार आहेत का सहा, हा तिथे रोजच्या कमाईचा प्रश्न होतो. हबवर लावलेलं ठशांचं मशीन मध्येच ओळख सोडतं आणि रांगेतल्या शेतकऱ्याला पुन्हा अंगठा लावावा लागतो. गोल पीएस/२ जोडणी शिल्लक असलेला बोर्ड इथे अजून उपयोगाचा आहे. जुना कीबोर्ड तिथे लावला की एक यूएसबी मोकळी होते.

पडद्याचंही तसंच. गावात निळ्या टोकाचे व्हीजीए मॉनिटर भरपूर आहेत आणि ते टाकून देण्याचं काही कारण नाही. पण इंटेलनं २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आपल्या चिपांमधून व्हीजीएचा सिग्नल काढून टाकला. आजच्या बोर्डावर व्हीजीए दिसतं, ते कंपनीनं डिजिटल सिग्नल बदलणारी वेगळी छोटी चिप बसवली म्हणून. एच६१० वर चौघांनीही हा खर्च केला, कारण भारतासारख्या बाजाराची त्यांना माहिती आहे. अॅसरॉकच्या बोर्डांच्या नावातच हे वाचता येतं. एच३१०एम-एचडीव्ही या बोर्डाच्या नावात एचडीएमआय, डीव्हीआय आणि व्हीजीए या तिन्ही जोडण्यांची आद्याक्षरं आहेत. मिनी-आयटीएक्स बोर्डांवर मात्र व्हीजीए दिवसेंदिवस दुर्मीळ होत चाललं आहे. तिथे कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि स्वस्त कन्व्हर्टरवर पडदा मधूनच काळा होतो.

मग वीज. मराठवाड्यात मॉन्सूनच्या आधीचा वळीव आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. फोनची किंवा इंटरनेटची तार खांबावरून येते आणि धक्का सरळ लॅनच्या पोर्टात शिरतो. बोर्ड चालतो, पण नेट लागत नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची पावसाळ्यात रीघ लागते. आसुस 'लॅनगार्ड' म्हणतं, अॅसरॉक 'फुल स्पाइक प्रोटेक्शन' म्हणतं. मतलब एकच, की पोर्टच्या मागे धक्का जिरवणारे भाग बसवलेत. छोटा धक्का त्यानं परतवला जातो. जवळच वीज पडली, तर कोणाचाच उपाय चालत नाही. खरं संरक्षण नीट अर्थिंगमध्ये आहे आणि ते बोर्डाच्या खोक्यात मिळत नाही. फायबरचं कनेक्शन आलेल्या दुकानांत हा त्रास बराच कमी होतो, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. तिथेही राउटरपासून बोर्डापर्यंतची तांब्याची तार आणि राउटरचा अॅडॉप्टर शिल्लक राहतोच.

कंपन्यांचा खरा स्वभाव दिसतो तो बायोसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. बोर्ड विकला गेल्यावरही कंपनी त्याच्यासाठी नवा बायोस काढत राहते का, यावर त्याचं आयुष्य ठरतं. एएमडीचं एएम४ सॉकेट याचं उत्तम उदाहरण. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसरबरोबर ए३२० हे स्वस्त बोर्ड आले. पुढे २०१९ मध्ये तिसरी रायझन मालिका आली, तेव्हा अनेक बोर्डांवरची बायोसची चिप १६ मेगाबाइटची, आणि जुन्या-नव्या सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. एमएसआयनं त्या बोर्डांवरचा चित्रमय बायोस काढून साधा, हलका बायोस दिला आणि नव्या बोर्डांवर ३२ मेगाबाइटची चिप बसवून त्यांच्या नावापुढे 'मॅक्स' लावलं. सेकंडहँड बोर्ड घेताना हा एक शब्द बघण्यासारखा आहे. २०२२ मध्ये एएमडीनं जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांवरही रायझन ५००० चालवायला मुभा दिली. पाच वर्षं जुन्या, स्वस्त बोर्डावर त्या वेळचा नवा प्रोसेसर बसला. इंटेलच्या बाजूला असा अनुभव क्वचित येतो. तिथे सॉकेट दोन-तीन पिढ्यांत बदलतं.

एक व्यवहारातली गोष्ट. दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला एच६१० बोर्ड आणि चौदाव्या पिढीचा आय५ एकत्र आले, तर डिस्प्लेच येत नाही असं होऊ शकतं. दोन्ही वस्तू नव्या आणि चांगल्या असतात. बोर्डाचा बायोस जुना असतो. प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय गिगाबाइटमध्ये 'क्यू-फ्लॅश प्लस', आसुसमध्ये 'बायोस फ्लॅशबॅक' आणि एमएसआयमध्ये 'फ्लॅश बायोस बटन' या नावानं मिळते, पण सगळ्या स्वस्त बोर्डांवर ती नसते. ज्या गावात दुसरा प्रोसेसर लावून बघायला सहज मिळत नाही, तिथे ही सोय असलेला बोर्ड दोन-चारशे रुपये जास्त देऊनही घ्यावा.

उमरग्याच्या दुकानांत जुन्या लोकांना विचारलं, तर ते अजून 'इंटेल ओरिजिनल' बोर्डाची आठवण काढतात. डीजी३१पीआर, डीजी४१आरक्यू, डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू ही नावं कारागिरांच्या तोंडात बसलेली होती. इंटेलनं २०१३ च्या जानेवारीत डेस्कटॉप मदरबोर्डाचा धंदा थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि बाजार तैवानच्या कंपन्यांकडे गेला. गिगाबाइट आणि एमएसआय या दोन्ही १९८६ च्या, आसुस १९८९ ची, आणि अॅसरॉक २००२ मध्ये आसुसमधूनच निघालेली. या सगळ्यात गोव्याचाही एक वाटा आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंक इंडियाच्या कारखान्यात गिगाबाइटचे मदरबोर्ड तयार होत होते, आणि पुढे स्मार्टलिंक कंपनीनं 'डिजिलाइट' नावाचा स्वतःचा बोर्ड काढला. कोकणपट्टीत बनलेला बोर्ड मराठवाड्यात पोचायचा. ती साखळी टिकली असती, तर दुरुस्तीचं केंद्रही जवळच कुठेतरी राहिलं असतं.

इंटेल गेल्यावर खालच्या किमतीची जागा एच६१ नं भरून काढली. ही चिप २०११ ची. चेन्नईच्या झेब्रॉनिक्ससारख्या देशी नावांनी आणि चीनहून येणाऱ्या बिननावाच्या मालानं तिला छोट्या गावांत नेलं. दोन-तीन हजारांत नवा बोर्ड, त्यावर सेकंडहँड तिसऱ्या पिढीचा आय५ आणि जुनीच डीडीआर३ रॅम. अनेक विद्यार्थ्यांचा पहिला कॉम्प्युटर असाच उभा राहिला आणि एमएस-सीआयटीचा सराव त्यावर झाला. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्तीची नियमित मुदत संपली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. एच६१, एच८१, एच११० या तिन्ही चिपा त्या रेषेच्या मागे राहिल्या. आधार, बँक आणि शेतकऱ्यांच्या कागदपत्रांचं काम जिथे चालतं, तिथे असा बोर्ड नवा विकत घेणं आता चुकीचंच आहे. घरी लिनक्स टाकून अभ्यासाला वापरायचा असेल, तर तो अजून काही वर्षं खुशाल चालेल.

याच किमतीला दुसरा पर्याय उभा आहे. पुणे-हैदराबादच्या कंपन्यांतून बाहेर पडलेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर ही छोटी मशीन. लेनोवोची टायनी पेटी जेमतेम १८ सेंटिमीटर चौरस आणि साडेतीन सेंटिमीटर जाड. आतले बोर्ड दणकट असतात. आठव्या पिढीचं मशीन मिळालं, तर विंडोज ११ ही चालतं. अडचण दुरुस्तीची. यांच्या पुष्कळ मॉडेलांत बोर्डाचं माप आणि एसएमपीएसचा कनेक्टर त्या त्या कंपनीचा खास असतो. २४ पिनांऐवजी डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० ला मुख्य कनेक्टर आठ पिनांचा आहे, एचपीच्या प्रोडेस्क ६०० जी१ ला सहा पिनांचा. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे सरळ लागत नाही, आणि बोर्ड गेला तर त्या पेटीत दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. टायनीला लॅपटॉपसारखा बाहेरचा अॅडॉप्टर असतो, तो मिळणं सोपं. म्हणून रिफर्बिश्ड घ्यायचंच असेल, तर या तिघांत बाहेरच्या अॅडॉप्टरची पेटी उमरग्यात जास्त सोयीची पडते.

शेवटी वॉरंटी. चारही मोठ्या कंपन्या भारतात साधारण तीन वर्षांची देतात. कागदावर फरक नाही, रस्त्यावर आहे. बोर्ड बिघडला की तो सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला जाणार, आणि गिऱ्हाइकाचं काम तोवर बंद. म्हणून दुकानदार कोणत्या कंपनीचा बोर्ड वॉरंटीत किती दिवसांत बदलून आणतो, तो आकडा खोक्यावरच्या सगळ्या नावांपेक्षा मोलाचा आहे. बोर्ड घेण्याआधी हा आकडा विचारावा. वॉरंटी नाकारली जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे वाकलेली पिन. २००४ च्या एलजीए७७५ सॉकेटपासून इंटेलनं पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डाच्या सॉकेटमध्ये आणल्या. एलजीए१७०० मध्ये त्या १७०० आहेत, केसासारख्या बारीक. एएमडीच्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, २०२२ च्या एएम५ पासून त्याही बोर्डावर आल्या. नवा बोर्ड घेताना सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काउंटरवरच उघडायला लावावं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिनांच्या ओळी बघाव्यात. सगळ्या ओळी एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी पिन वेगळी चमकली, तर बोर्ड तिथेच परत करावा. झाकण मात्र टाकू नये, कारण बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लावलेलं नसेल, तर वाटेत वाकलेल्या पिनेची जबाबदारी गिऱ्हाइकावर येते.